टाचेवरची खाच

बाराव्या दिवशीही शिपायाचे बूट तयार नव्हते.

"आज नाही," मोची म्हणाला आणि त्याच्या पुढ्यात शत्रूच्या बुटांचा आणखी एक जोड टाकला. "आधी हा कर."

शिपायाने कपाळावर हात मारला. माघार घेताना त्याची तुकडी नदी ओलांडून गेली होती आणि तो फाटक्या बुटानिशी याच काठाला, या दुकानामागच्या बोळात अडकला होता. मोच्याने त्याला आत ओढलं, अंगात आपला जुना सदरा चढवला आणि बायकोचा भाऊ हाताखाली आलाय म्हणून शेजारी सांगून टाकलं. तेव्हापासून मोची त्याचा दाजी झाला होता आणि मोच्याची बायको ताई.

तोंड उघडलं असतं तर तो परका आहे हे कुणीही ओळखलं असतं. त्यावर दाजींनी तोड काढली होती. गिऱ्हाईक आलं की त्याने तोंडात बारीक खिळे धरायचे. तोंडात खिळे असलेल्या माणसाला कुणी गप्पा मारायला लावत नाही. युक्ती नामी होती, पण त्याला आता भाकरीलाही गंजाची चव लागायची.

नदीपलीकडे डोंगरातल्या एका पडक्या गोठ्यात त्याचे पंचवीस-तीस सोबती लपले होते. चुकलेल्यांनी तिथे यायचं, महिनाअखेरपर्यंत वाट पाहू, असं आधीच ठरलेलं. महिना संपायला तीन दिवस उरले होते. वाट दगडगोट्यांची, अनवाणी जाणं शक्य नव्हतं. दुकानातला एखादा जोड उचलावा तर सगळे शत्रूचे, मोजून दिलेले. त्याच्या स्वतःच्या बुटांचा सोल दाजींनी पहिल्याच दिवशी उपटून चुलीत घातला होता, कारण त्याची नक्षी वेगळी होती. नवा सोल लावणं म्हणजे अर्ध्या तासाचं काम. पण दाजींनी बूट पेटीत बंद केले होते आणि किल्ली कमरेला लावली होती.

वर हा उद्योग दाजींनी स्वतःच ओढवून घेतलेला. गावात तळ ठोकलेल्या तुकडीच्या हवालदाराला त्यांनीच पटवलं होतं की पोरांच्या टाचा झिजल्यात, चिखलात घसरून पडतील. चाळीस जोड आले. ज्यांनी आपल्यावर गोळ्या झाडल्या त्यांच्या टाचा ठोकताना शिपायाच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

त्यातून त्या खाचेचा जाच. प्रत्येक डाव्या टाचेच्या आतल्या कडेला चामडं कापायच्या रापीने नखाएवढी खाच पाडायची. दुकानाची खूण म्हणे. एकदा त्याने मुद्दाम ती टाळली, तर दाजींनी अख्खी टाच उचकटून पुन्हा करायला लावली.

"जमिनीला टेकलेली टाच कोण बघतं, दाजी?"

"बघणारा बघतो."

"माझी माणसं निघून जातील."

"तिरकी झालीय. परत कर."

ताईंकडे गाऱ्हाणं न्यावं तर त्या भांडी पोत्यात भरण्यात गुंतलेल्या. घरात उंदरांचा सुळसुळाट झालाय, म्हणाल्या. वर ऐकवलं, की माझा सख्खा भाऊही इतकी कटकट करत नव्हता.

हवालदार रोज दुपारी यायचा. "झालं का माझं काम?" एवढंच विचारायचा. "होतंय साहेब, घाई करून कसं चालेल," हे दाजींचं ठरलेलं उत्तर. मग हवालदार शिपायाकडे बघून हसायचा. "मेहुणा कामसू आहे हं तुझा." शिपाई खाली मान घालून खिळे दाताखाली दाबायचा.

बाराव्या दिवशी फक्त हवालदाराचेच बूट उरले होते. त्याला द्यायचे नव्हते, पण दाजींनी गळ घातली. तो मोजे घालून बाकावर रस्त्याकडे तोंड करून बसला आणि शिपायाने दोन हातांवर बसलेल्या शत्रूचा बूट मांडीत धरून खाच पाडली. रेघ सरळ उमटली. दाजींनी पहिल्यांदाच मान डोलावली.

"उद्या पहाटे, साहेब," बूट देताना ते म्हणाले. हवालदार खूश होऊन गेला.

मग दाजींनी पेटी उघडली. शिपायाचे बूट तयार होते. नवा सोल, नवी टाच, टाचेला तीच खाच.

"हे कधी केलेत?"

"चौथ्या दिवशी."

"मग इतके दिवस मला कशाला राबवलंत?"

"कामं उरकायची होती."

शिपायाला त्यांचा गळा धरावासा वाटला. पण ताईंनी शिदोरी हातात दिली, डोक्यावरून हात फिरवला, आणि तो बूट पायात घालून बघू लागला.

पहाटे तो निघाला तेव्हा दाजी मागच्या दारी हातगाडीच्या चाकाला तेल घालत होते. वर बघून म्हणाले, "पाय उचलून चाल." पुलावरच्या पहारेकऱ्याने त्याला पाहिलं आणि विडी पेटवायला तोंड फिरवलं. नशीब जोरावर आहे, असं शिपायाला वाटलं.

तासाभराने हवालदार वीस जणांना घेऊन पूल ओलांडून उतरला. तो खुशीत होता. मोच्याचा मेहुणा कोण, हे त्याला दुसऱ्याच दिवशी कळलं होतं. पण एकटा शिपाई पकडून काय करायचं, त्याला सगळा गोठाच हवा होता. म्हणून त्याने मोच्याला दम दिला होता: याच्या टाचेला खाचेची खूण कर आणि याला सोड, नाहीतर दुकानासकट जाळीन. येताना दुकानाला कुलूप दिसलं होतं, पण त्याचं त्याला काही वाटलं नव्हतं.

नदीकाठच्या चिखलात पहिलं पाऊल सापडलं. टाचेला खाच. हवालदाराने बोट दाखवलं आणि सगळे डोंगराकडे वळले. दहा पावलांवर खाच डावीकडे गेली होती. उजवीकडेही गेली होती. एक खाच सरळ नदीत उतरत होती, दोन परत येत होत्या, आणि त्याची रोजची गस्त जिथे जिथे फिरली होती तिथे तिथे खाचाच खाचा पडल्या होत्या. हवालदार मागे वळला. आताच उमटलेल्या आपल्याच पावलांकडे तो बघत राहिला. मग शेजारच्याच्या खांद्यावर हात टेकून त्याने स्वतःचा डावा पाय उचलला. त्याच्या टाचेवरची खाच सगळ्यांत सुबक होती.