साहेबांच्या कोंबड्या

साहेब खुराड्यासमोर उकिडवे बसून आतल्या कोंबडीला शिस्तीचं महत्त्व समजावत होते. कोंबडी ऐकत नव्हती. कचेरीत ज्यांच्या नुसत्या खाकरण्यानं माणसं उभी राहायची, त्या साहेबांकडे तिनं तीन दिवस पाठ फिरवली होती. आणि त्या पाठीवर धड पिसंसुद्धा नव्हती.

निवृत्तीनंतर हुकूम सोडायला साहेबांपाशी कुणी उरलं नव्हतं. बायको होती, पण ती "बरं" म्हणायची आणि स्वतःला हवं तेच करायची. बंद पडलेल्या पोल्ट्रीतून सोडवलेल्या या चार कोंबड्याही तिनंच घरी आणल्या. साहेबांनी लगेच कारभार हाती घेतला. खुराड्यावर वेळापत्रक चिकटवलं. संध्याकाळपर्यंत कोंबड्यांनी ते टोचून खाल्लं.

कोंबड्यांतलं साहेबांना ओ की ठो कळत नव्हतं. अडलं की ते फर्मावत, "गुरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंना विचार." बायको फोन घेऊन स्वयंपाकघरात जायची आणि निरोप घेऊन यायची. पाण्याचं भांडं उथळ ठेवा. भुसा रोज बदला. ओरडू नका. ही शेवटची सूचना बाईंना कशी सुचली, याचं साहेबांना नवल वाटे. पण ते पाळत.

जन्मात कुणाचं न ऐकलेला हा माणूस. पोटच्या पोरीचंही त्यांनी ऐकलं नव्हतं. मला माझ्या मनासारखं शिकायचंय, एवढंच ती म्हणाली होती. "मग या घरात पुन्हा पाऊल टाकू नकोस," साहेब म्हणाले. सात वर्षं झाली, मुलीनं वडिलांचा शब्द मोडला नव्हता. इतकी आज्ञाधारक लेक मिळायला नशीब लागतं.

आता ही कोंबडी. खाली एक अंडं नाही, तरी ठाण मांडून बसलेली. बायकोनं निरोप आणला, "ती खुडूक झालीय, उबवायला बसलीय. हॅचरीनं टाकून दिलेली पाच पिल्लं येतायत. तिन्हीसांजेला हळूच तिच्या पोटाखाली सरकवा."

"दुसऱ्याची पिल्लं ती कशाला घेईल?"

"घेईल," बायको म्हणाली. "तिला कुठे इभ्रत सांभाळायचीय?"

सकाळी कोंबडीच्या विरळ पिसांतून चार डोकी बाहेर डोकावत होती. पाचवं पिल्लू कोपऱ्यात गार पडलं होतं. साहेबांनी बायकोला हाक मारली, तीही विनंतीच्या सुरात. निरोप तातडीनं आला. छातीशी धरा, ऊब द्या. हुशारी आली की कोमट साखरपाणी, चोचीच्या कडेला, थेंब थेंब.

साहेब बनियनच्या आत पिल्लू धरून दोन तास बसले. चहा गार झाला, पेपर घडीतच राहिला. "असं करू नये, बाळा," ते पुटपुटत राहिले. हा आवाज बायकोनंही कधी ऐकला नव्हता. शेवटी पिल्लानं डोळे उघडले, दोन थेंब गिळले आणि खणखणीत आवाजात तक्रार केली. साहेबांनी ते कोंबडीपुढे ठेवलं. कुठे होतंस, का गेलंस, असं तिनं काही विचारलं नाही. चोचीनं आत ओढलं आणि पंख मिटला.

साहेबांनी चष्मा पुसला. "फोन लाव. आज मी स्वतः बोलणार."

बायको थबकली. मग तिनं नंबर लावला आणि फोन त्यांच्या हातात दिला. सवयीप्रमाणे साहेबांनी समोरच्याला बोलू दिलं नाही.

"डॉक्टर, पिल्लू वाचलं. तुमच्यामुळं. इतकं शिकून इतकी माया असलेलं माणूस मी पाहिलं नाही. तुमच्या वडिलांना केवढा अभिमान वाटत असेल. चांगलं शिकवलं हो त्यांनी तुम्हाला."



"आईनं शिकवलं," पलीकडून आवाज आला, "बाबा."