तीस चिमटे

“छत्तीस मिनिटं,” भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत लेक म्हणाली.

कोचने पाण्यातूनच पोहण्याचा चष्मा कपाळावर सरकवला. “नीट बघितलंस?”

“आई, मला घड्याळ कळतं.”

दहा वर्षांच्या माणसाशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. कोच बाहेर आली आणि केस पिळत हसली. एकच मिनिट कमी करायचं होतं. दोन महिने हातात होते. होईल.

ट्रायथलॉनमध्ये आधी दीड किलोमीटर पोहणं, मग सायकल, मग धावणं. पोहायला पस्तीस मिनिटं. त्याहून उशीर झाला की सायकलला हात लावू देत नाहीत. गेल्या वर्षी वेळ संपली तेव्हा ती किनाऱ्यापासून चाळीस सेकंदांवर होती. शेवटच्या टप्प्यात तिला नावेत बसवून किनाऱ्यावर आणलं, आणि त्याचा फोटो तिच्याआधी ती शिकवायची त्या पोहण्याच्या तलावावर पोचला. व्यवस्थापकांनी आडपडदा ठेवला नाही. “मॅडम, यंदाही नावेतून आलात तर मोठ्यांची बॅच दुसऱ्या कोचला द्यावी लागेल. लोक विचारतात हो.”

“विचारू देत. यंदा उत्तर देईन,” ती म्हणाली होती.

फेऱ्या मोजणारं तिचं घड्याळ दीड वर्षाच्या धाकट्याने तिसऱ्या मजल्यावरून खाली सोडलं होतं. मनात मोजायला जावं तर दहाव्या फेरीनंतर डोक्यात घर शिरायचं. दूध फ्रिजमध्ये ठेवलं का? लेकीच्या वहीवर सही केली का? मग तिने कपडे वाळत घालायचे लाकडी चिमटे आणले, स्वतः मोजून तीस डब्यात भरले आणि डबा लेकीच्या हवाली केला. एक जाऊन-येऊन फेरी झाली की एक चिमटा कठड्याला; तीस फेऱ्या म्हणजे बरोबर दीड किलोमीटर. डबा रिकामा झाला की लेक पाण्यात फळी धरायची. पोहणं संपलं.

कोचच्या सरावानंतर लगेच मोठ्यांची बॅच. त्यात गणिताचे मास्तर होते. जमिनीवर भल्याभल्यांचे आकडे तपासणारे मास्तर पाण्यात पाच फेऱ्यांनंतर हिशेब विसरायचे.

“किती झाल्या?” त्यांनी धापा टाकत विचारलं.

“सोळा. अजून चार,” कोच म्हणाली.

लेकीने चमकून पुस्तकातून मान वर केली. मास्तर कपडे बदलायला गेल्यावर तिने आईला गाठलं. “त्यांच्या अठरा झाल्या होत्या. मी मोजल्या. तू खोटं बोललीस.”

“अगं, वीस सांगितल्या की माणूस विसाव्या फेरीला मरगळतो. दोन लपवल्या की त्याला कळतही नाही आणि अंगात ताकद येते. फक्त पोहणाऱ्याला सांगायचं नसतं.”

“म्हणजे खोटंच.”

ही पोरगी बिस्किटाचे दोन तुकडे करतानाही पट्टी आणायची. कोचला मनातून तिचा अभिमानच वाटला.

त्याच आठवड्यात गाडं घसरलं. छत्तीसवरून एकदम साडेएकोणचाळीस. धाकट्याला दाढा येत होत्या, झोपेचं खोबरं झालं होतं. कोचने कारण तिथे शोधलं आणि कामाला लागली. पहाटे सायकल, मग डबे, मग लहान मुलांची बॅच, दुपारी धाकट्याला झोपवून जिन्यावर वरखाली, संध्याकाळी तलाव. कंटाळा यायलाही वेळ नव्हता.

घरी नवऱ्याची वेगळीच तक्रार. “दोरीवरचे निळे चिमटे कुठे जातात? माझा मोजा परत खालच्या मजल्यावर पडला. त्या बाई आता माझ्याकडे बघून हसतात.”

“हसू दे. तुझ्याकडे बघून कोणी हसलं, हे काय कमी आहे?”

एकोणचाळीस. साडेअडतीस. अडतीस. शर्यतीच्या आठ दिवस आधी साडेसदतीस.

“नाव काढून घेतेस का?” नवऱ्याने हळूच विचारलं.

तिला भीती वाटत होती. खूप वाटत होती. पण ती म्हणाली, “पाण्यातून ओढून काढलं तर बघू. स्वतःहून नाही निघणार.”

लेक जेवत होती. तिने ताटातून मान वर केली नाही.

शर्यतीच्या सकाळी तळं शांत होतं. कोच मधोमध पोहत राहिली, घर डोक्यात शिरलं तरी हात थांबले नाहीत. शेवटचा झेंडा तिला वाटलं त्याच्या खूप आधी समोर आला. अजून दम शिल्लक होता. ती किनाऱ्याला लागली, तेव्हा नाव मागे कुठेतरी रिकामीच फिरत होती.

“चौतीस मिनिटं पाच सेकंद!” पंच ओरडले.

पुढचं सगळं तिच्या हातातलं होतं. सायकलवर तिने चाळीस जणांना मागे टाकलं, धावताना आणखी वीस. कठड्यापलीकडून गणिताचे मास्तर घसा फोडून तिच्या नावाने ओरडत होते. शेजारी व्यवस्थापकही टाळ्या वाजवत होते.

पदक गळ्यात पडल्यावरही तिला राहवलं नाही. ती पंचांकडे गेली. “पोहण्याचं अंतर बरोबर होतं ना? कमी तर नव्हतं?”

“सकाळी दोनदा मोजलंय, मॅडम. जिंकून तक्रार करणाऱ्या तुम्ही पहिल्याच.”

परतताना तिने लेकीला विचारलं, “तू रोज नीट मोजत होतीस ना गं?”

“एकही चिमटा चुकवला नाही,” लेक म्हणाली, आणि खिडकीबाहेर बघू लागली.

दुसऱ्या दिवशी चौघांचे कपडे, टॉवेल, चादरी असा धुण्याचा डोंगर निघाला. घरचे चिमटे पुरेनात, म्हणून कोचने लेकीच्या दप्तरातून तलावावरचा डबा काढला. गुणगुणत एकेक लाकडी चिमटा लावत गेली. तिसावा नवऱ्याच्या मोज्याला लागला. धाकट्याचं झबलं उरलं होतं. तिने न बघताच पुन्हा डब्यात हात घातला.

तळाशी घरच्या दोरीवरचे तीन निळे चिमटे होते.