बिनतुपाची पंगत

"आप बेफिक्र रहिए, बहनजी. हमारे यहाँ सब कुछ शुद्ध देसी घी में बनता है."

भोजनालयाच्या गल्ल्यावरचा बाबुलाल हे इतक्या अभिमानानं म्हणाला, की प्रांजलीनं लेकीला, उन्नतीला, पटकन मागं ओढलं.

पोलाद कारखान्याच्या त्या परक्या गावात, कॅम्प-वन वस्तीच्या बाजारात, जिथं जावं तिथं तेच. पाटीवर 'शुद्ध शाकाहारी', आणि आत शुद्ध म्हणजे तूप, शुद्ध म्हणजे पनीर, शुद्ध म्हणजे वरून सोडलेली मलई. दुसऱ्या कुणाला ती पाटी बघून हायसं वाटलं असतं. प्रांजली ती बघून पुढं चालू लागायची. उन्नतीला दूध चालत नव्हतं. दुधाचं काहीच चालत नव्हतं. मागं आमगावच्या लग्नात कुणीतरी मायेनं तिच्या भातावर घरचं तूप सोडलं होतं. पोरीचे ओठ सुजले, छातीत शिट्टी वाजायला लागली, आणि प्रांजली तिला उचलून मांडवातून तशीच दवाखान्यात पळाली. तेव्हापासून कुठल्याही पंगतीत उन्नती एका बाजूला बसून डब्यातलं खायची. वाढणाऱ्या बाया तिच्यापाशी क्षणभर थांबायच्या, "बिचारी" म्हणायच्या आणि पुढं जायच्या.

आज डब्यानंच दगा दिला. तिचा नवरा पीयूष नोकरीच्या मुलाखतीसाठी हथखोजच्या कारखान्यात गेला होता, परतीची गाडी संध्याकाळची होती, आणि एप्रिलच्या उन्हात वरणभात आंबून गेला होता. फोनवर 'व्हीगन' शोधलं, तर फोननं तिला थेट रायपूरला पाठवलं.

"आई, मले भूक लागली."

"हो गं माय, पाहून राहिली ना मी."

ती पुन्हा गल्ल्याकडे वळली. "भैया, बिना दूध, बिना घी, बिना दही... कुछ भी नहीं मिलेगा?"

बाबुलाल खळखळून हसला. "बिना दूध-घी का खाना? वो तो आजकल मेरी माँ खा रही है! बेटा दिनभर घी बेचे, और माँ सूखी रोटी!" बोलता बोलता त्याची नजर उन्नतीच्या सुकलेल्या तोंडावर गेली. हसू थांबलं. गल्ला नोकरावर सोपवून तो उठला. "चलिए मेरे साथ."

दुकानामागच्या गल्लीत जैन समाजाचं सभागृह होतं. दारात एक ठेंगणी म्हातारी उभी होती. येणारी-जाणारी माणसं तिला वाकून नमस्कार करत होती. बाबुलालनंही तिच्या पायांना हात लावला.

"मेरी माँ, कांताबाई. ओली का व्रत चल रहा है इनका. नौ दिन, दिन में एक बार, उबला हुआ अनाज. दूध, दही, घी, तेल, गुड़, शक्कर, सब बंद. तपस्वी के पाँव छूते हैं हम लोग. वैसे साल भर तो मैं इनकी एक नहीं सुनता."

"वो तो पूरा बाज़ार जानता है," कांताबाई म्हणाल्या.

पोरीला दूध चालत नाही, एवढंच प्रांजलीनं सांगितलं. मग नेहमीचे प्रश्न जिभेवर आले. कढई कोणती? चमचा वेगळा आहे का? पण तिनं तोंड उघडायच्या आत कांताबाईंनीच तिची वाट अडवली.

"थैली में क्या है? बिस्कुट? दूध की कोई चीज़? बाहर रखो. हाथ धोए? फिर से धोओ, साबुन से. इस दरवाज़े के अंदर घी का चम्मच भी नहीं आता, समझी?"

प्रांजली बघतच राहिली. हे तर तिचे प्रश्न होते. ते विचारताना आजवर लोकांच्या कपाळावर आठ्या पडल्या होत्या. सासरी तर तिचं नावच 'इन्स्पेक्टर' पडलं होतं. आज कुणीतरी तेच प्रश्न, तितक्याच कडक आवाजात, तिला विचारत होतं. तिनं हात धुतले. मग कुणी सांगितलं नसताना पुन्हा एकदा धुतले.

आत लांबच लांब पंगत होती. म्हातारे होते, कॉलेजच्या मुली होत्या, शेजारी हेल्मेट ठेवून बसलेला प्लांटमधला एक कामगार होता. सगळ्यांच्या ताटात तेच. उकडलेले मूग, मिरपूड टाकलेला भात, कोरडी भाकरी. कुठं तेलाचा तवंग नाही, तुपाचा वास नाही. एका बाईनं जेवण झाल्यावर, कणही वाया जाऊ नये म्हणून, ताटात पाणी घातलं, बोटानं ताट धुतलं आणि ते पाणी पिऊन टाकलं. ताट लख्ख झालं.

सवयीनं प्रांजलीनं मुगाचा एक दाणा उन्नतीच्या ओठाला लावून पाहिला. ओठ तसाच राहिला. मग पोरगी भराभर जेवू लागली. जेवता जेवता तिनं डावीकडचं ताट पाहिलं. उजवीकडचं पाहिलं. पंगतीच्या पार टोकापर्यंत मान लांबवून पाहिलं.

"आई," ती हळूच म्हणाली, "या सगळ्यांलेच ॲलर्जी हाय काय?"

"क्या बोल रही है गुड़िया?" कांताबाईंनी विचारलं. प्रांजलीनं ओशाळून सांगितलं. म्हातारी हसली आणि उन्नतीसमोर येऊन बसली.

"नहीं बेटा. हमने अपने मन से छोड़ा है, नौ दिन के लिए. उतने में भी रात को सपने में खीर आती है! और तूने? तूने कब से छोड़ा?"

उन्नतीनं घास गिळला. शाळेत बोलते तशा हिंदीत ती सहज म्हणाली, "मैं तो रोज़." आणि आणखी मुगासाठी ताट पुढं केलं.

वाढणाऱ्या बाईचा हात थांबला. शेजारची माणसं वळून पाहू लागली. ही थांबण्याची रीत प्रांजलीला पाठ होती. आता कुणीतरी 'बिचारी' म्हणणार, म्हणून तिनं मान खाली घातली.

तिनं वर पाहिलं, तेव्हा सगळी गल्ली जिच्या पाया पडत होती ती म्हातारी वाकून उन्नतीच्या पावलांना हात लावत होती.