सुमेधाची ओटी

चंडीगडच्या महाराष्ट्र मंडळाच्या ॲपला सुमेधानं एआय सहाय्यक जोडला, तेव्हापासून सदस्यांची यादी तोच सांभाळायचा. हवाई दलातल्या कुणाची बदली झाली, की मंडळातल्या बायका घरच्या बाईची ओटी भरून निरोप द्यायच्या. मग नाव ‘बदली झालेले’ या यादीत जायचं.

आज दुपारी त्या यादीत तिचंच नाव होतं. तिनं ते परत आणलं. ते पुन्हा गेलं.

तिनं हवाई दलातल्या नवऱ्याला फोन लावला. “नाही गं, ऑर्डर कुठे आलीय?” अंशुमन म्हणाला.

मग तिनं सहाय्यकालाच विचारलं.

‘निरोप झाला, ओटी भरली,’ उत्तर आलं. ‘बदली फक्त तुमची आहे.’

घरात ती एकटीच होती. ती उठली, तसे तिच्या ओढणीतून मूठभर तांदूळ सांडले.