वरून दोन ठोके

हॉस्पिटलातून फोन आला तेव्हा न्हाव्याच्या खुर्चीत निवृत्त पोस्टमन बसला होता. त्याची अर्धी दाढी झाली होती. न्हाव्याने सगळं ऐकून घेतलं, "बरं" म्हणाला आणि फोन ठेवला. मग त्याने फळीवरचा रेडिओ बंद केला आणि उरलेली अर्धी दाढी पूर्ण केली.

"कोणाचा फोन होता?" तोंड पुसत पोस्टमनने विचारलं.

"बायको गेली."

"अरे देवा! मग माझी दाढी कसली करत बसलास? मी तसाच गेलो असतो की."

"अर्ध्या दाढीने? ती मला बोलली असती."

त्या दिवसापासून रेडिओ बंद राहिला तो राहिलाच.

खाली दुकान, वर घर, मध्ये लाकडी तक्तपोशी. न्हाव्याला रेडिओवरच्या गाण्यांचं भारी वेड. त्यातही प्रेमाची गाणी. बायको एकतीस वर्षं चर्चमध्ये ऑर्गन वाजवायची. लग्नाच्या पहिल्याच महिन्यात तिने सासूसमोर सांगून टाकलं होतं, "माझ्या घरात देवाची गाणी चालतील. तुमची ती बाजारू गाणी खालीच ठेवा." तेव्हापासून दुकानात गाणं रंगात आलं की वरून छत्रीच्या मुठीचे ठोके पडायचे. ठक ठक. न्हावी मुकाट्याने आवाज कमी करायचा. पण बंद मात्र त्याने कधी केला नाही.

आता तेच त्याला खात होतं. आयुष्यात तिने एवढंसं मागितलं आणि तेही आपल्याच्याने झालं नाही. निदान आता तरी.

गिऱ्हाइकं कुरकुर करू लागली. "इथे बसलं की वाटतं, माझीच शोकसभा चालू आहे," पोस्टमन म्हणाला.

"गप्प बसा. नाहीतर कान जाईल."

"जाऊ दे. ऐकायला आहे काय इथे?"

तिसऱ्या महिन्यात चर्चचे पाळकसाहेब केस कापायला आले. म्हातारा माणूस, डोक्यावर मोजून मूठभर केस, पण पंधरवड्याला हजर. "रविवारी उपासनेला या," ते म्हणाले. "वहिनींची सुरांची वही सापडली आहे. नव्या बाई त्यातलंच वाजवणार आहेत."

"रविवारी दुकान असतं, साहेब. तुमची मंडळी नीटनेटकी होऊन देवापुढे येते, ती कोणामुळे?"

"हे मी एकतीस वर्षं ऐकतोय. एक रविवार झिपऱ्या घेऊन येऊ देत. देव चालवून घेईल."

न्हावी गेला. सर्वांत मागच्या बाकावर बसला. प्रार्थना झाली, अर्पणाची थैली फिरू लागली आणि नव्या बाईंनी ऑर्गन सुरू केला. संथ, खोल सूर. सगळ्यांनी डोळे मिटले. शेजारची म्हातारी पदराने डोळे टिपत कुजबुजली, "ही त्यांची अर्पणाची चाल. काय भक्ती होती बाईची! कुठल्या गीतपुस्तकातली आहे, ते मात्र आजवर कोणाला सापडलं नाही."

न्हाव्यानेही डोळे मिटले. थोड्या वेळाने त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं मांडीवर आपोआप उघडू-मिटू लागली. कात्रीसारखी. कानांच्या आधी बोटांनी ओळखलं. याच गाण्यावर त्याने अर्ध्या गावाचे केस कापले होते! प्रेयसीला तिच्या बापाच्या डोळ्यांदेखत पळवून न्यायचं गाणं. फक्त चौपट संथ केलेलं.

त्याला हसू फुटलं. त्याने तोंडात रुमाल कोंबला. खांदे हलायला लागले. म्हातारीला वाटलं, रडतोय. ती त्याच्या पाठीवरून हात फिरवू लागली, तसं त्याला आणखीच हसू येऊ लागलं, आणि शेवटी खरंच रडू आलं.

उपासना संपल्यावर पाळकसाहेबांनी वही त्याच्या हातात दिली. बारीक, सरळ अक्षर. एकाही चालीच्या डोक्यावर गीताचा नंबर नव्हता. तिथे लिहिलं होतं, "खालून, सोमवारी." "खालून, दुपारी, गिऱ्हाईक नसताना."

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"पहिल्याच वर्षी विचारायला आल्या होत्या. म्हणाल्या, सूर चांगले आहेत, शब्दांचं देव बघून घेईल. फक्त ह्यांना सांगू नका. सासूबाईंसमोर बोलून बसले आहे."

न्हावी पानं उलटत राहिला. शेवटच्या पानावरची चाल अर्ध्यातच थांबली होती. खाली पेन्सिलने लिहिलं होतं, "पुढचं ऐकू येत नाही. मोठा करा म्हणून किती वेळा ठोकलं. हे दर वेळी कमीच करतात."

त्याने ते तीनदा वाचलं.

सोमवारी सकाळी त्याने रेडिओ लावला आणि आवाजाचं बटण शेवटपर्यंत फिरवलं. पोस्टमन दारातच थबकला. "शोकसभा संपली वाटतं!" तो ओरडला.

"बसा. आणि मध्ये बोलू नका."

नव्या बाईंनी ती अर्धी चाल न्हाव्याला वाजवून दाखवली. गाणं त्याने लगेच ओळखलं. पुढची चाल मात्र त्यालाही येईना. बरोबर तिथेच तर तो आवाज कमी करायचा. बाई म्हणाल्या, गाणं लागलं की निरोप धाडा, मी धावत येते. न्हाव्याने वही आरशाखाली, कात्र्यांशेजारी ठेवली आहे.

गाणं अजून लागलेलं नाही. पान अजून अर्धंच आहे.