बंडाचे केस

धरमपेठेतल्या पार्लरमध्ये बसून स्वानंदनं केसांच्या जटा वळवून घेतल्या, जमैकातल्या रास्ता पंथाच्या लोकांसारख्या. तिकडचं रेगे संगीत गायचा तो. प्रत्येक कार्यक्रमात माइकवरून ओरडायचा, "हे केस म्हणजे गुलामीविरुद्धचं बंड आहे!"

त्याच वर्षी त्याची बहीण रितिका टायफॉइडनं अंथरुणाला खिळली आणि उठली तेव्हा तिच्या केसांत गुंता होऊन जट झाली होती. आईनं त्या जटेला हळदकुंकू वाहिलं, पोरगी देवीची झाली म्हणून जाहीर केलं आणि तिचं ठरलेलं लग्न मोडलं. दर मंगळवारी बाया येऊन तिच्या पाया पडू लागल्या.

एक दिवस रितिका कात्री घेऊन भावाच्या खोलीत गेली.

"दादा, तू तर कोणालेच भीत नाही. काप ना ही जट. मान दुखून राहिली माझी. मले लग्न करायचं आहे."

स्वानंदनं जट हातात घेऊन उलटसुलट पाहिली.

"पागल झाली का वं? माझ्या तर पार्लरच्या आहेत, तुझी ओरिजिनल आहे!" म्हणत त्यानं कात्री काढून घेतली.


महिन्याभरानं त्याच्या नव्या कार्यक्रमाचं पोस्टर चौकाचौकात लागलं, वर ठळक अक्षरांत 'आझादी' आणि खाली जटेसकट रितिकाचा फोटो.