उषाची उपकारस्तुती

"आता आपल्या उषाताई उपकारस्तुती करतील, देवाचे आभार मानतील," असं म्हणून चर्चच्या दयानंद पाळकांनी डोळे मिटले, आणि उषाच्या तोंडाला कुलूप लागलं.

चाळीतल्या त्या एका खोलीत चौदा माणसं दाटीवाटीनं बसली होती. गुरुवार होता, कंपन्यांना सुट्टी, म्हणून पिरंगुटातली झाडून सगळी मंडळी आली होती. दर गुरुवारी एकेका घरी प्रार्थना असायची. उषानं आपली पाळी दोनदा पुढं ढकलली होती. पण पाळक म्हणजे भला माणूस. कुणी टाळतंय हे त्यांना कधी कळतच नसे. "अहो, तुमच्या घरी तर चमत्कार झालाय," ते म्हणाले होते. "आभाराशिवाय प्रार्थना म्हणजे मिठाशिवाय आमटी. साक्ष तुमचीच हवी."

चमत्कार कोपऱ्यात गुडघ्यांत मान घालून बसला होता. करुणा, वय वर्षं वीस.

महिन्यामागं एका सोमवारी सकाळी करुणाला सणकून ताप भरला. उरवड्याच्या एका कंपनीत ती पॅकिंगला होती. ठेकेदार असा, की एक खाडा झाला तर दुसऱ्या दिवशी गेटवरूनच माघारी पाठवायचा. मग उषाच शेजारी तुळजाबाईकडे गेली. "ताई, करुणाला लई ताप हाय. तुमची ऋतुजा जाईल का तिचं कार्ड घिऊन? एवढा एकच दिस." ऋतुजा घरीच होती. केसांना रबर लावता लावता तिनं हो म्हटलं, करुणाचं हजेरीचं कार्ड गळ्यात अडकवलं आणि बस गाठायला पळाली.

दुपारी पॅकिंगच्या शेडला आग लागली. उषा आणि तुळजाबाई एकमेकींचा हात धरून गेटवर पोचल्या. एक माणूस हजेरीच्या कागदावरून आत अडकलेल्यांची नावं वाचत होता. चौथं नाव त्यानं वाचलं, करुणा साळवे. उषाची करुणा तर घरी गोधडीत पडलेली. उषाचे दोन्ही हात आपोआप वर गेले. "प्रभू, तुझे आभार!" ती ओरडली. लहानपणापासूनची सवय, ठेचकाळताना सावरली तरी तिच्या तोंडून तेच निघायचं. मग तिला जाणवलं की तुळजाबाईचा हात आपण सोडलाय. नाव वाचलं होतं उषाच्या पोरीचं, पण आत होती तुळजाबाईची. आणि तुळजाबाई उषाच्या त्या वर गेलेल्या हातांकडे बघत होती.

ऋतुजा त्या आगीत गेली. त्या दिवसानंतर उषानं आभार मानले नाहीत. जेवायला बसताना नाही की सकाळी उठल्यावर नाही. क्षमा मागायची, तुळजाबाईला बळ दे म्हणायची, रडायची, पण सगळं ओठांतल्या ओठांत. एरवी तिची प्रार्थना साऱ्या चाळीला ऐकू जायची. दोन खोल्यांमध्ये एका विटेची भिंत. "उषे, तुजा द्येव काय बहिरा हाय का गं?" असं तुळजाबाई पलीकडून चेष्टेनं विचारायची. आता त्या भिंतीतून कुठल्याच बाजूनं आवाज येत नव्हता. जिची पोर आपल्या पोरीच्या जागी गेली, तिच्या कानावर आपले आभार पडू द्यायचे ते कुठल्या तोंडानं? निदान एवढी तरी लाज आपण राखतोय, असं उषाला वाटायचं. तिच्याजवळ दुसरं द्यायला काही नव्हतंच. घरात ताप उतरल्याचं कुणी बोललं नाही. करुणा समोर आली की उषा चुलीकडं बघायची. पोरगी अर्धी भाकरी खाऊन उठायची, आणि तिला कुणी बस म्हणायचं नाही.

"बोला, ताई," पाळक डोळे न उघडता हळूच म्हणाले.

उषानं तोंड उघडलं. परत मिटलं. मंडळी खाकरली. कुणीतरी तिच्या वतीनं हालेलूया म्हणून बघितलं.

तेवढ्यात दार ढकललं गेलं. दारात तुळजाबाई उभी. महिनाभरात तिला कुणी उंबऱ्याबाहेर पाहिलं नव्हतं. बायकांनी अंग चोरून वाट करून दिली. आता ही शिव्याशाप देणार, आणि ते आपण खाली मान घालून ऐकायचे, एवढंच उषाच्या मनात आलं. तिला जवळजवळ सुटल्यासारखं वाटलं.

तुळजाबाई तिच्याकडे आलीच नाही. ती कोपऱ्यात गेली आणि करुणाशेजारी टेकली.

"म्हैना झाला, भिताडाला कान लावून बसतीया मी," ती म्हणाली. "आज म्हनंल, उद्या म्हनंल."

"चुकलं माजं, ताई," उषा हात जोडून म्हणाली. "त्या दिशी तोंडातनं निघून गेलं. परत न्हाई आभार मानायची. कदीच न्हाई."

तुळजाबाईनं करुणाच्या हनुवटीला हात लावून तिचं तोंड वर केलं. पोरीच्या गालांची हाडं वर आली होती. मग तुळजाबाई उषाकडं वळली.

"मान की गं. माजी पोर गेली तवा ही वाचली. आता हिच्या वाचन्याचं बी कुनाला काय न्हाई, मंग माजी गेली तरी कशापायी?"